डोहाळजेवणाची घरगुती सजावट: या चुका टाळा

बाजारात जाण्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या हव्यात: होणारी आई कोणती साडी नेसणार आणि कुठे बसणार. बरेचसे पैसे वाया जातात ते हे न ठरवल्यामुळे.

डोहाळजेवणाची साडी बहुधा हिरवी. तरीही मागे केळीची पानं, झावळ्या, वर हिरवा पडदा लावला जातो आणि फोटोत उत्सवमूर्तीचा फक्त चेहरा आणि हात उरतात. मागे पिवळी किंवा मोतिया रंगाची जुनी साडी लावा, हिरवळ कडेला राहू द्या. रेशमी साडीला टाचण्या लावू नका, धागा ओढला जातो. दोरीवर टाकून कपड्यांच्या चिमट्यांनी धरा. चिमटे झेंडूच्या माळेखाली झाकले जातात. मागची अक्षरं लावताना कुणाला तरी खुर्चीवर बसवून उंची बघा. उभं राहून लावलेली पाटी बसलेल्या बाईच्या फोटोत येतच नाही.

सजावटीची पुठ्ठ्याची चंद्रकोर घरी करणाऱ्यांची हमखास तक्रार म्हणजे टोकं लोंबतात. खोक्याच्या पुठ्ठ्यात पन्हळी एकाच दिशेने असतात, त्या दिशेला आडवा तो सहज वाकतो. म्हणून दोन पुठ्ठे घ्या, एकाच्या पन्हळी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे चिकटवा, वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. टोकांना मागून खराट्याच्या काड्या लावा. पोस्टर कलर पातळ करून एकाच बाजूला फासला तर वाळताना पुठ्ठा वाकडा होतो. मागच्या बाजूलाही एक हात मारा, दिसणार नसला तरी. थर्माकोलचा विचार डोक्यातून काढाच. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे आणि पुठ्ठा तर किराणा दुकानात फुकटही मिळतो.

फुलांच्या दागिन्यांत खरी गडबड होते ती क्रेप कागदाची. कागद स्वस्त, फुलं सुबक होतात, पण घाम लागला की लाल आणि गुलाबी रंग उतरतो, आधी गळ्यावर आणि मग साडीवर. डाग निघत नाही. दागिन्याला मागून सॅटिनची रिबीन लावा किंवा कागदाची फुलं फक्त भिंतीवर ठेवा. तारेची टोकं आत वळवून वर टेप गुंडाळा, बाजूबंदाची तार टोचतेच. खऱ्या फुलांचं करायचं असेल तर मोगऱ्याच्या घट्ट कळ्या घ्या, उमललेली फुलं ओटी भरेपर्यंत मलूल होतात. ओवलेल्या माळा ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. पाणी शिंपडून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेला झेंडू आतून काळा पडतो. आणि मोगरा-निशिगंध आणण्यापूर्वी तिलाच विचारा. गरोदरपणात एखादा वास अजिबात सहन होत नाही, तिथे शेवंती बरी.

फुगे पूर्ण ताणून फुगवू नका. देठाकडे नासपतीसारखे लांबट दिसू लागले की हवा जास्त झाली, थोडी सोडा. गच्चीवर उन्हात लावलेले फुगे फुटतात आणि प्रत्येक आवाजाला ती दचकते.

झोपाळा फक्त सजवायचा नसतो, ती त्यावर बसणार आहे. कड्या आणि साखळ्या आदल्या दिवशी घरातल्या वजनदार माणसाला बसवून तपासा. माळा साखळीला गुंडाळा, पण हाताने धरायची जागा मोकळी सोडा. पाटाखाली लोंबत्या झिरमिळ्या लावल्या तर त्यात पाय अडकतो. पंखा सुरू राहणारच, तेव्हा हलक्या कागदी पताका पंख्याच्या वाऱ्यात नकोत आणि समया पडद्यापासून लांब ठेवा.

मुलगा की मुलगी ओळखायच्या खेळातल्या, झाकलेल्या पेढा-बर्फीच्या वाट्या सजवताना दोन्हींवर एकाच कापडाची झाकणं हवीत, नाहीतर चलाख नणंद आधीच खूण सांगून मोकळी होते.

भिंतीवर डबल टेप थेट लावू नका, रंगासकट निघतो. खाली कागदी मास्किंग टेप लावून त्यावर चिकटवा. कार्यक्रम संपल्यावर कोपऱ्यापासून हळूहळू, भिंतीला समांतर ओढा. भाड्याच्या घरात तर आधी कपाटामागच्या भिंतीवर एक तुकडा लावून बघाच.