मर लागलेल्या तलावाची उघाडी काढू नका

पहिला मोठा पाऊस पडला की खाडीचा खारेपणा एकदम उतरतो, पाणी गार पडतं आणि तलावात पाळलेल्या कोळंबीवर ताण येतो. व्हाइट स्पॉट या कोळंबीच्या रोगाचा विषाणू नेमका तेव्हाच उसळतो. तलावात एकदा मर सुरू झाली की 3 ते 10 दिवसांत जवळजवळ सगळा माल जातो. यावर औषध नाही.

माल जातो ते एक, पण त्यानंतर जे केलं जातं त्याने अख्खी खाडी नासते. घाबरून उघाडी (तलावाचं खाडीकडचं दार) काढतात, ओहोटीबरोबर पाणी सोडतात, मेलेली कोळंबी बांधावरून फेकतात. दर हंगामात हेच पाहतोय. ती कोळंबी खाडीतले खेकडे आणि रानटी कोळंबी खातात. खेकडे बरेचदा मरत नाहीत, विषाणू अंगात घेऊन फिरत राहतात. पुढच्या भरतीला तोच रोग शेजाऱ्याच्या तलावात शिरतो.

तेव्हा उघाडी बंदच ठेवा. माल विकण्याजोगा असेल तर पाणी न सोडता जाळ्याने काढा. मग 30 पीपीएम (लिटरला 30 मिलिग्रॅम) क्लोरीन द्या. हा आकडा क्लोरीनचा आहे, पावडरीचा नाही: 30 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर दर हजार लिटरला 100 ग्रॅम लागते, म्हणजे मीटरभर पाण्याच्या अर्ध्या एकराला सुमारे 200 किलो. उघड्या पोत्यातल्या पावडरीचा जोर गेलेला असतो, ती घेऊ नका. पाणी निदान 4 दिवस अडवून ठेवा. मेलेला माल चुना टाकून खोल पुरा. शेजाऱ्यांना त्याच दिवशी कळवा, म्हणजे ते भरतीचं पाणी आत घेणार नाहीत.

बाकीची कामं:
- पीसीआर (विषाणू शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी) करून तपासलेलं बीज
- पाणी घेताना बारीक जाळी
- बांधाभोवती खेकडा-कुंपण
- पक्ष्यांसाठी दोऱ्या
- प्रत्येक तलावाची जाळी, बादली वेगळी

दुकानदार ‘व्हायरस मारणारं’ महागडं द्रावण पुढे करेल. घेऊ नका. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत, उलट अंश सापडला तर माल परत येतो. तेच पैसे पावडरीला आणि पीसीआर तपासणीला ठेवा, कारण कवचावरचे पांढरे ठिपके इतर कारणांनीही येतात.

माझा अनुभव असा, त्याला कागदाचा आधार नाही: बगळे एकाच बांधावर जमू लागले की तिथली कोळंबी कडेला येऊन मंदावलेली असते. चेक ट्रेमध्ये (कोळंबी खाते का ते पाहायच्या ताटात) खाद्य उरायची वाट पाहू नका, त्याच सकाळी नमुना पाठवा.