कंपनी सुटली? कोर्स निवडण्याआधी हप्त्याचा कागद वाचा

नाशिकच्या कंपनीत कपात सुरू झाली की एचआर म्हणतं, "राजीनामा लिहून द्या, रिलिव्हिंग लेटर चांगलं देतो." सही करायची घाई करू नका. कायद्याने कामगार म्हणून तुमची कपात होत असेल, तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. स्वतःच्या अक्षरात राजीनामा लिहिला की ती भरपाई गेली. ग्रॅच्युइटीचं वेगळं आहे. पाच वर्षं भरली असतील तर राजीनाम्यानंतरही ती द्यावीच लागते. ग्रॅच्युइटीला धरला जाणारा शेवटचा पगार (मुख्यतः बेसिक अधिक डीए), भागिले 26, गुणिले 15, गुणिले सर्व्हिसची वर्षं. 24,000 वर आठ वर्षांचे 1,10,769 रुपये होतात. फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर हा आकडा जुळला नाही तर लेखी विचारा.

पीएफमध्ये पेन्शनचा जो भाग असतो, त्याला हात लावू नका. पेन्शनला 10 वर्षांची सर्व्हिस लागते. सात-आठ वर्षं झालेला माणूस फॉर्म 10सी भरून ते पैसे काढतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्याऐवजी झालेली सर्व्हिस धरून ठेवणारं स्कीम सर्टिफिकेट घ्या किंवा नवी नोकरी लागल्यावर खातं ट्रान्सफर करा.

आता कोर्स. कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोड, कुठल्याही जिन्यावर पाटी दिसते: शंभर टक्के प्लेसमेंट, शून्य टक्के ईएमआय. नोकरी गेलेल्या माणसाला इथेच हमखास पकडतात, म्हणून हे जरा सविस्तर.

समजा फी 90,000 आहे. काउन्सेलर म्हणतो, आज फक्त पाच हजार भरा, बाकीचे हप्ते. तो टॅब पुढे करतो, तुम्ही आधार-पॅन देता, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगता. तुम्हाला वाटतं, फी तुकड्यातुकड्याने क्लासला जाणार. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीने तुमच्या नावावर 85,000 चं कर्ज काढलेलं असतं आणि ती रक्कम एकदम क्लासच्या खात्यात गेलेली असते. तिथून पुढे क्लासला तुमची गरज उरत नाही. शिकवणारा बदलला, बॅच बंद पडली, तुम्ही तिसऱ्या आठवड्यात सोडलंत, तरी हप्ता तुमच्याच खात्यातून कटणार. क्लासशी भांडण आहे म्हणून हप्ता थांबवला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, पडतो. पुढे स्वतःचं वर्कशॉप टाकायला मुद्रा किंवा पीएमईजीपी अशा सरकारी योजनेतून कर्ज मागायला जाल, तेव्हा बँक मॅनेजर पहिल्यांदा तेच बघतो.

म्हणून ओटीपी देण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाचा सगळा खर्च सांगणारा कागद, मागा. कर्ज देणाऱ्याने ते दिलंच पाहिजे. करारात कर्जदार म्हणून कुणाचं नाव आहे आणि या स्टेटमेंटमध्ये वार्षिक दर किती आहे, ते बघा. व्याज 'शून्य' असलं तरी प्रोसेसिंग फी मिळवली की दर वर जातो. ॲपवरून घेतलेल्या डिजिटल कर्जात किमान एक दिवसाची कूलिंग-ऑफ मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या काळाचं व्याज भरून बाहेर पडता येतं, प्रोसेसिंग फी मात्र कापू शकतात. घरी जाऊन पश्चात्ताप झाला तर त्याच रात्री कर्ज देणाऱ्या कंपनीला ईमेल करा, सोमवारची वाट बघू नका.

आणि ती शंभर टक्के प्लेसमेंटची गॅरंटी? करारात बहुतेक वेळा 'असिस्टन्स', म्हणजे नुसती मदत, असं लिहिलेलं असतं. खाली अटी: हजेरी इतके टक्के, प्रत्येक टेस्ट पास, पहिली ऑफर नाकारली की जबाबदारी संपली, देशात कुठेही जायची तयारी. डेटा सायन्स शिकून नोकरी निघते ती बहुधा पुण्यात. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर रोज होत नाही, म्हणजे पगारातून रूमचं भाडं आणि मेस आधी वजा करा.

घाबरून जाऊ नका, नाशिकमध्ये हाताला काम आहे. माझं मत स्पष्ट आहे: पूर्ण उडी मारण्यापेक्षा एक पायरी बाजूला सरका. व्हीएमसी मशीनचे (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन) ऑपरेटर असाल तर सेटिंग आणि कॅम प्रोग्रॅमिंग, म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बनवणं. क्वालिटीत असाल तर सीएमएम, म्हणजे पार्टची मापं घेणारं मशीन. मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन असाल तर सोलर. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती तीन किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे, त्यामुळे छतावर चढणारे फिटर एजन्सीला लागतातच. तारतंत्री (वायरमन) परवाना हातात असला तर पुढे स्वतःची कामं घेण्याचा रस्ता सोपा होतो.

एनडीटी (माल न तोडता तपासणी) लेव्हल टूच्या कोर्सकडे मात्र डोळे उघडे ठेवून जा. एसएनटी-टीसी-1ए पद्धतीत प्रमाणपत्राची जबाबदारी कंपनीची असते. क्लासने दिलेला कागद नव्या कंपनीत आपोआप चालत नाही, ती स्वतःची परीक्षा घेऊन पुन्हा सर्टिफाय करते. आयएसओ 9712 खाली त्रयस्थ संस्था प्रमाणपत्र देते, ते तुमच्यासोबत फिरतं. फी भरताना यातलं कुठलं ते विचारा. उत्तर देताना काउन्सेलर अडखळला तर उठा.

2027 च्या सिंहस्थाची कामं दिसतील. घ्या, पण घरखर्चापुरती. मेळा उठला की ती कामंही उठणार, त्यांच्या भरवशावर गाडीचा हप्ता काढू नका.

मेंटॉर हवाच असेल तर इंटरनेटवर शोधू नका. अंबड-सातपूर एमआयडीसीत ज्या जॉबवर्कवाल्यांकडे तुमचा माल जायचा, त्यांना तुमचं काम माहीत आहे. तिथे जाऊन विचारा, "शेठ, सध्या कुठल्या कामाला माणूस मिळत नाही?" मग त्याच कामाचं दोन आठवडे बिनपगारी का होईना बसून बघा. नंतरच क्लास, आणि क्लासकडून गेल्या सहा महिन्यांत नाशिकमध्येच लागलेल्या तिघांचे नंबर. फोन त्यांना संध्याकाळी करा, क्लासच्या ऑफिसातून नको. हातात किती येतात आणि लेटर कंपनीचं आहे की लेबर कॉन्ट्रॅक्टरचं, हे दोनच प्रश्न विचारा.