डिमर शून्यावर, तरी एलईडी मिणमिणतोय: फिश टँकच्या लाईटला रिले कसा लावायचा

टाकीची लाईट वेळेप्रमाणे कमी-जास्त करणारा कंट्रोलर रात्री दहाला ती शून्यावर आणतो. पण खोलीतला दिवा मालवला की टाकीवर मंद निळसर उजेड दिसतोच. यात डिमर बिघडलेला नसतो. ० ते १० व्होल्टच्या सिग्नलवर चालणाऱ्या पुष्कळ एलईडी ड्रायव्हरना (एलईडीला ठरावीक करंट पुरवणारा डबा) साधारण १० टक्क्यांच्या खाली नीट उतरताच येत नाही. काही तिथेच अडकतात, काही फडफडू लागतात. माशांना रात्र म्हणजे काळोख हवा असतो. तो मिळवायचा तर ड्रायव्हरची वीजच तोडावी लागते, आणि त्यासाठी रिले, म्हणजे छोट्या सिग्नलवर चालणारा विजेचा स्विच.

तरी रिले विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी तपासा, कदाचित खर्च वाचेल. ड्रायव्हर मीन वेल कंपनीच्या एलडीडी-७००एच जातीचा असेल, तर त्याच्या डिमिंग पिनवर ०.८ व्होल्टपेक्षा कमी मिळाले की तो करंट पूर्ण बंद करतो. तिथे लाईट उरत असेल तर दोष कंट्रोलरच्या पीडब्ल्यूएममध्ये (वेगाने चालू-बंद होऊन उजेड ठरवणारा सिग्नल) शोधा. दुसरी गोष्ट, ० ते १० व्होल्टचा सिग्नल एलएम३५८ या ऑप-अँप चिपवरून काढला असेल तर मीटर लावून बघा, ‘शून्य’ खरंच शून्य आहे का. मीन वेलच्या एचएलजी मालिकेतल्या ‘बी’ ड्रायव्हरची डिम वायर स्वतःच सुमारे १०० मायक्रोअँपिअर बाहेर ढकलते. एलएम३५८ ला जमिनीलगतच्या व्होल्टेजवर साधारण ५० मायक्रोअँपिअरच ओढून घेता येतो. त्यामुळे आउटपुट अर्ध्या-पाऊण व्होल्टवर लटकतं आणि आपण उगाच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. आउटपुट ते ग्राउंड १ किलोओहमचा रेझिस्टर टाकला की ते ०.१ व्होल्टच्या आसपास येतं. एवढं करूनही मिणमिण राहिली, तर ती ड्रायव्हरचीच.

वीज कुठे तोडायची

सगळ्यात महाग चूक इथे होते. रिले ड्रायव्हर आणि एलईडीच्या मध्ये, म्हणजे डीसी बाजूला बसवू नका. कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरचं आउटपुट मोकळं झालं की तो व्होल्टेज चढवत आपल्या कमाल मर्यादेपर्यंत नेतो. रिले पुन्हा जोडल्यावर आउटपुट कपॅसिटरमध्ये साठलेलं ते सगळं एकदम एलईडीवर कोसळतं. लगेच जळतील असं नाही, पण रोज एक फटका बसला की महिन्या-दोन महिन्यांत एखादी चिप काळी पडते. शिवाय साध्या रिलेवर डीसीची मर्यादा ३० व्होल्ट छापलेली असते. ४८ व्होल्टच्या डीसीची ठिणगी एसीसारखी दर अर्ध्या सायकलला विझत नाही, ताणली जाते आणि कॉन्टॅक्ट खाते.

म्हणून २३० व्होल्टच्या बाजूलाच तोडा, आणि फेजच तोडा. न्यूट्रल तोडलात तर ड्रायव्हर सतत फेजवर राहतो. लाईट बंद दिसते, पण हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असणं नेहमीचंच, तेव्हा टेस्टर लावल्याशिवाय वायरचा रंग खरा मानू नका.

कोणता रिले

बाजारात मिळणाऱ्या निळ्या रिले मॉड्यूलवर बहुधा सॉन्गलचा एसआरडी-०५व्हीडीसी-एसएल-सी असतो. २५० व्होल्टला १० अँपिअर, कॉइल ५ व्होल्ट, सुमारे ७१ मिलिअँपिअर. ६० वॅटचा ड्रायव्हर तर ०.३ अँपिअरच घेतो, मग भीती कसली? भीती चालू होतानाच्या पहिल्या क्षणाची. रिकामा इनपुट कपॅसिटर भरताना ड्रायव्हर मायक्रोसेकंदांपुरता ५०-६० अँपिअर ओढू शकतो. डेटाशीटमध्ये हा आकडा ‘इनरश करंट’ या नावाने असतो. एका रिलेवर असे तीन ड्रायव्हर लावले की एक दिवस कॉन्टॅक्ट चिकटतात. मग ‘टिक्’ ऐकू येतं पण लाईट जात नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही एकदम केले तर उत्तम. सिल्व्हर टिन ऑक्साइडचे कॉन्टॅक्ट आणि ‘टीव्ही-५’ रेटिंग असलेला रिले घ्या. ते रेटिंग ७८ अँपिअरच्या इनरशसाठी असतं. आणि फेजमध्ये १०डी-९ हा एनटीसी (तापला की रोध कमी होणारा रेझिस्टर) टाका. थंड असताना तो १० ओहम असतो, म्हणजे २३० व्होल्टच्या ३२५ व्होल्ट शिखरावरही इनरश साधारण ३३ अँपिअरच्या वर जात नाही. त्याची मर्यादा २ अँपिअर, म्हणजे ६०-६० वॅटचे दोन-तीन ड्रायव्हर सहज चालतात. तो चांगला तापतो, प्लॅस्टिकला किंवा वायरच्या रबराला चिकटवून ठेवू नका.

सॉलिड स्टेट रिले ठिणगी पाडत नाही म्हणून मोह होतो. पण बंद असतानाही त्यातून थोडा करंट गळतो. तो ड्रायव्हरचा कपॅसिटर हळूहळू भरतो, ड्रायव्हर क्षणभर जागा होतो, रिकामा होतो, पुन्हा भरू लागतो. परिणाम, रात्रभर काही सेकंदांनी एक लुकलुक. साध्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर ‘संरक्षण’ म्हणून ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगी शोषणारा कपॅसिटर) लावला तरी हेच होतं, कारण ५० हर्ट्झला त्यातून ७ मिलिअँपिअर वाहतो. संपूर्ण काळोख हवा तर स्नबर नको.

जोडणी

सामान: रिले, १०डी-९, २एन२२२२ ट्रान्झिस्टर, १एन४००७ डायोड, ६८० ओहम आणि १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर, ईएसपी३२ (कंट्रोलरचा बोर्ड), ५ व्होल्ट १ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर, झाकणाची आयपी६५ पेटी, केबल ग्लँड. बोर्डात ६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). पाण्याजवळ काम आहे, आरसीसीबी नसेल तर आधी तो बसवा, मग बाकीचं. २३० व्होल्टची जोडणी स्वतः करायचा सराव नसेल तर तेवढा भाग वायरमनकडून करून घ्या.

एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा. फेज एनटीसीतून रिलेच्या कॉमनला, नॉर्मली ओपन (रिलेला वीज नसताना तुटलेलं राहणारं) टर्मिनलवरून ड्रायव्हरला. न्यूट्रल आणि अर्थिंग सरळ. नॉर्मली ओपन यासाठी की कंट्रोलर मेला तर टाकी अंधारात राहावी. कॉइलचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, एमिटर ग्राउंडला. डायोड कॉइलला समांतर, पट्टीची बाजू ५ व्होल्टकडे. तो उलटा लागला तर ट्रान्झिस्टर पहिल्याच वेळी जातो. ईएसपीची पिन ६८० ओहममधून बेसला, आणि बेस ते ग्राउंड १० किलोओहम. अडॅप्टरचं आणि ईएसपीचं ग्राउंड एकच हवं. पिन २५, २६, २७, ३२ किंवा ३३ घ्या. ०, २, ५, १२, १५ या पिनांना बूट होताना वेगळी कामं असतात.

हा १० किलोओहम किरकोळ वाटतो, पण वीज आल्यावर ईएसपी जागा होईपर्यंत पिन अधांतरी असते. तेवढ्यात रिले टक्-टक् वाजू नये म्हणून तो आहे. तयार मॉड्यूल ‘लो’ सिग्नलवर चालू होणारं असेल तर प्रोग्रॅममध्ये आधी पिन ‘हाय’ लिहा आणि मगच तिला आउटपुट करा. उलट क्रमाने लिहिलं की दर बूटला एक झटका ठरलेला.

क्रम

एचएलजी-बी आणि एलडीडी दोघांचीही एक खोड सारखी आहे: डिम वायर मोकळी असेल तर ते १०० टक्क्यांवर पेटतात. म्हणून सिग्नल आधी, वीज नंतर.

चालू करताना: डिमिंग किमान पातळीवर लावा, रिले ओढा (म्हणजे चालू करा), २ सेकंद थांबा, मग हळूहळू चढवा. बंद करताना: १० टक्क्यांपर्यंत उतरवा, २ सेकंद थांबा, रिले सोडा. बंदची सीमा १० टक्के ठेवली तर चालूची १२ ठेवा, नाहीतर पहाटे नेमक्या त्याच आकड्याभोवती रिले फडफडतो.

सकाळी काळोखातून एकदम १० टक्के उजेड पडला की बुजरे मासे काचेवर आपटतात. खोलीतला दिवा दहा मिनिटं आधी लावा, किंवा एलडीडीवर एक छोटी निळी पट्टी वेगळी ठेवून ती शून्यापासून चढवा. तिला वेगळी वीज हवी, या रिलेतून नको.

सांगली-साताऱ्यात वळवाच्या पावसात लाईट जाते, येते, पुन्हा जाते. तापलेल्या एनटीसीचा रोध घसरलेला असतो, म्हणजे अशा लपंडावात तो काही अडवत नाही. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक नियम घाला: बूट झाल्यावर ६० सेकंद रिलेला हात लावायचा नाही. एनटीसी तेवढ्यात निवतो. वेळेसाठी डीएस३२३१ घड्याळ आणि सीआर२०३२ सेल लावा, वायफाय परत येईपर्यंत कंट्रोलर मध्यरात्र समजून बसणार नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडते तेव्हा गावभागात किंवा कर्नाळ रोडला राहणाऱ्यांनी लाईटपेक्षा एअर पंपाच्या बॅटरीची काळजी करावी. पेटी मात्र जमिनीवर नको, भिंतीवर छातीच्या उंचीला.

पेटी टाकीच्या बरोबर वर लावू नका. प्रत्येक वायर पेटीत शिरण्याआधी एकदा खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातून टपकेल. खाऱ्या पाण्याच्या टाकीत मिठाचा थर वायरवरून चढत टर्मिनलपर्यंत पोचतो, महिन्यातून एकदा वीज बंद करून ओल्या फडक्याने पुसा.

तपासणी

पहिल्यांदा ड्रायव्हरऐवजी साधा बल्ब लावून क्रम बघा. नंतर ड्रायव्हर जोडून खोलीत पूर्ण अंधार करा, दहा मिनिटं डोळे सरावू द्या. बंद केल्यावर क्षणभर उजेड ओसरत जाणं ठीक, तो आउटपुट कपॅसिटरचा. त्यानंतर काहीही दिसलं तर आधी फेज-न्यूट्रल तपासा. एमसीबी पाच वेळा पाडून वर करा, दर वेळी ६० सेकंद थांबून लाईट कमी उजेडावरच उघडते का ते पाहा. एकदाही १०० टक्क्यांचा झगझगाट झाला तर डिम वायर कुठेतरी सैल आहे. आणि ‘टिक्’ होऊनही लाईट राहिली, तर एमसीबी पाडून, ड्रायव्हरची वायर सोडवून, कॉमन आणि नॉर्मली ओपनमध्ये मीटर लावा. कॉइलला वीज नसताना बझर वाजला की कॉन्टॅक्ट चिकटले. रिलेवर टिचकी मारून ते सुटतात, पण दोन दिवसांत पुन्हा चिकटतात. रिले बदला.