शनिवार-रविवारचा ट्रायथलॉन सराव: शुक्रवारी रात्रीच करायची तयारी

गोव्यात मिरामारला होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ स्पर्धेसाठी, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे यांसाठी, नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्या कोल्हापूरकराचा खरा सराव शनिवारी आणि रविवारीच होतो, आणि तो बिघडतो तो बहुधा शुक्रवारी रात्री अर्धवट भरलेल्या पिशवीमुळे. शनिवारी पहाटे राजाराम तलावात लांब पोहणे, रविवारी गगनबावडा रस्त्याने सायकल आणि परत येताच धावणे, हा क्रम येथे धरला आहे. गॉगल, टॉवेल, बूट, हेल्मेट यांची आठवण करून देण्यात मी जागा दवडत नाही. मात्र सॅडल बॅगेत, म्हणजे सीटखालच्या छोट्या पिशवीत, प्रेस्टा व्हॉल्वचा (ट्यूबमध्ये हवा भरण्याच्या बारीक तोंडाचा) पितळी अडॅप्टर आहे की नाही, हे पुढचे वाचण्यापूर्वीच उठून पाहून यावे.

तलावात एकट्याने उतरू नये, याला अपवाद नाही. कमरेला बांधायचा नारिंगी फुगा जवळ असावा, कारण काठावरच्या सोबत्याला पाण्यातले डोके दिसत नाही, फुगा दिसतो. पावसाळ्यानंतर पाणी गढूळ असते आणि स्वतःचा हातसुद्धा नीट दिसत नाही. म्हणून काठावरचे एखादे उंच झाड किंवा इमारत आधीच हेरून ठेवावी आणि दर आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून दिशा तपासावी. तरणतलावाच्या तळाची काळी रेघ पाहून पोहण्याची सवय झालेला माणूस उघड्या पाण्यात हमखास तिरका जातो, अंतर वाढवून घेतो आणि मग पोहण्यासाठी असलेली ७० मिनिटांची मुदत त्याला अपुरी वाटू लागते. उगवतीकडे तोंड करून पोहायचे असल्यास गडद काचेचा गॉगल घ्यावा. मानेला आणि काखेत व्हॅसलीन लावावे. गोव्याच्या खाऱ्या पाण्यात तर ते लागतेच. वेटसूट, म्हणजे अंग उबदार ठेवणारा पोहण्याचा रबरी पोशाख, कोणी उसना देऊ केला तरी घेऊ नये: पाणी २४.५ अंशांहून उबदार असले की हौशी स्पर्धकांना तो घालून क्रमवारीत राहता येत नाही, आणि गोव्याचा समुद्र त्याहून उबदारच असतो.

आता सायकल. रोड बाइकच्या ट्यूबला सहसा प्रेस्टा व्हॉल्व असतो, म्हणजे बारीक, आणि टोकाशी छोटे नट असलेला. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचे नोझल मोटरसायकलच्या जाड व्हॉल्वसाठी केलेले असते. या दोघांची गाठ अडॅप्टरवाचून पडत नाही. गेल्या हंगामात माझ्याजवळ नवी ट्यूब होती, टायर काढायचे लिव्हर होते, पहिल्या पंक्चरला एकुलती एक सीओटू नळी (टायर झटक्यात भरणारी कार्बन डायऑक्साइडची छोटी नळी) संपली होती, दुसऱ्या पंक्चरच्या वेळी समोर कॉम्प्रेसर धडधडत होता आणि अडॅप्टर घरी खणात होता; उरलेला सराव टेम्पोच्या हौद्यात बसून झाला. शेंगदाण्याएवढी ही वस्तू सायकलच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळते. दोन घ्याव्यात. एक सॅडल बॅगेत ठेवावी, दुसरी जर्सीच्या खिशात किल्लीला अडकवावी.

अडॅप्टर नुसता विकत घेऊन भागत नाही. प्रेस्टाचे टोकाचे नट आधी सैल करावे लागते, मगच अडॅप्टर चढतो. आणि आत रबरी कडी नसेल तर काही अडॅप्टरांतून बाजूने हवा गळते. त्यामुळे शुक्रवारीच तो चढवून, कोपऱ्यावरच्या पंपावर किंवा पंक्चरच्या दुकानात जाऊन एकदा हवा भरून पाहावी. रिम खोल असेल तर ट्यूबचा व्हॉल्व रिमबाहेर पुरेसा येतो ना हेही तेव्हाच कळते. आखूड व्हॉल्वची ट्यूब घेऊन निघालेल्या माणसाला अडॅप्टर असून नसल्यासारखाच. दुकानदाराला हवा थोडी थोडी, थांबत थांबत भरायला सांगावे, कारण बारीक टायरमध्ये हवा फार थोडी मावते आणि कॉम्प्रेसरच्या एका दमात ट्यूब फुटू शकते. सीओटूने भरलेले टायर रात्रीतून मऊ पडते, तेव्हा घरी आल्यावर साधी हवा पुन्हा भरावी. हातपंप असला तरी अडॅप्टर हवाच. पाय शिणलेले असताना हातपंपाने ८० पीएसआय दाबापर्यंत पोचणे काय असते, हे ज्याने केले आहे तो वाद घालणार नाही.

मागचा लाल दिवा चार्ज करावा. दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात, त्यांना आपण दिसलो पाहिजे. आणि त्यांच्यामागे लपून वेग घेण्याचा मोह धरू नये. स्पर्धेत पुढच्या सायकलीपासून १२ मीटरचे अंतर राखावे लागते, म्हणून सरावातही मित्राच्या चाकाला चिकटून केलेली सरासरी फारशी कामाची नाही.

खाण्याचा हिशेब कागदावर करावा. तासाला सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके हवीत. एका मध्यम केळ्यातून पंचवीसएक मिळतात, म्हणजे नुसत्या केळ्यांवर भागवायचे तर खिसे पुरणार नाहीत. खजूर, चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, जे पोटाला मानवते ते घ्यावे, पण स्पर्धेच्या दिवशी जे खाणार तेच सरावात खावे. पाण्याच्या दोन बाटल्या, त्यांतल्या एकीत मीठ. शनिवारी रात्री तांबडा-पांढरा रस्सा टाळावा. रविवारी दुपारी त्याला कोणाची हरकत नाही.

सायकलवरून उतरताच धावायचे असल्याने धावण्याचे बूट दारातच मांडून ठेवावेत आणि नाड्या लवचीक असाव्यात, म्हणजे गाठी मारत बसावे लागत नाही. हेल्मेटचा पट्टा सायकलला हात लावण्यापूर्वी लावायचा आणि सायकल जागेवर ठेवल्यावरच सोडायचा, हा स्पर्धेचा नियम आहे. तो घरीही पाळावा. पहिली दोन किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत. तेव्हा घड्याळाकडे पाहू नये. वीस-तीस मिनिटे पुरेत.

नंतर पाणी, भात, झोप. तलावातले ओले कपडे त्याच दिवशी धुवावेत. सायकल पुसावी, चेनला तेल सोमवारी दिले तरी चालेल. पण वापरलेली ट्यूब आणि सीओटू नळी यांच्या जागी नवी रविवारीच भरावी, आणि अडॅप्टर व्हॉल्ववर तसाच राहिला असेल तर काढून सॅडल बॅगेत टाकावा.