हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या कामात या चुका टाळा, नुसती टेस्ट करून सोडून देऊ नका

२८ जुलै (जागतिक हिपॅटायटिस दिन) आणि १ डिसेंबर (जागतिक एड्स दिन) जवळ आला की शिबिरांची धांदल सुरू होते. बॅनर, टोप्या, फोटो आणि शेवटी ग्रुपवर मेसेज की एवढ्या लोकांची तपासणी झाली. त्यातल्या किती जणांचं औषध सुरू झालं हे त्या मेसेजमध्ये कधीच नसतं. मी समुपदेशक आहे, आधी फक्त एचआयव्हीचं काम करायचे, आता हिपॅटायटिसचं पण बघते. २०३० पर्यंत हे आजार आटोक्यात आणायचेत असं सगळीकडे बोललं जातं आणि ते जमण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं, कारण औषधं आहेत आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात, हिपॅटायटिसची तर २०१८ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यापासून. माणसं गळतात ती टेस्ट आणि औषध यांच्या मधे. नवीन लागलेली मुलंमुली, आशाताई, एएनएम सिस्टर आणि शिबिर भरवणारी मंडळं, तुमच्यासाठी लिहितेय.

अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे हिपॅटायटिस सी आहेच, असं सांगून टाकणं

ही चूक बघितली की मला राहवत नाही. अँटी-एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सी च्या अँटीबॉडीची टेस्ट. तिच्या पट्टीवर दोन रेषा आल्या याचा अर्थ एवढाच की त्या माणसाच्या शरीरात हा विषाणू कधीतरी येऊन गेलाय किंवा अजून आहे. साधारण दहातल्या तीन जणांचं शरीर औषधाशिवायच त्याला पहिल्या सहा महिन्यांत घालवून टाकतं, पण अँटीबॉडी मात्र राहतात, औषधाने पूर्ण बरा झालेल्या माणसाच्या पण राहतात. विषाणू आत्ता आहे का हे फक्त आरएनए टेस्ट म्हणजे व्हायरल लोड सांगतो.

एका कारखान्याच्या गेटवर असंच एक शिबिर झालं होतं. रांगेतच, सुपरवायझर बाजूला उभा असताना, एका कंत्राटी कामगाराला सांगितलं गेलं की तुमचं लिव्हर खराब झालंय, मोठ्या दवाखान्यात दाखवा. हातात एक चिठ्ठी, बास. कुठला दवाखाना, कुठल्या खोलीत जायचं, काही नाही. पोराने लाजेपोटी ती नोकरी सोडली, घरात त्याचं ताट-पाणी वेगळं झालं (जे हिपॅटायटिस सी असता तरी करायची गरज नव्हती, तो एकत्र जेवल्याने पसरतच नाही) आणि कोणीतरी सांगितलं म्हणून महागडी लिव्हरची टॉनिकं उधारीवर आणून पीत राहिला. आमच्याकडे आला तो कितीतरी महिन्यांनी, ते पण बायकोची एएनसी म्हणजे गरोदरपणातली तपासणी होती म्हणून सोबत आला होता आणि बोलता बोलता ती घडी पडलेली चिठ्ठी त्याने खिशातून काढली. व्हायरल लोड केला तर विषाणू नाहीच. त्या शिबिराच्या यादीतल्या बाकीच्या पॉझिटिव्ह लोकांना मग आम्ही फोन लावत बसलो, अर्धे नंबर बंद आणि उरलेले चुकीचे. त्यांच्यात खरोखर विषाणू असणारेही असतील, ज्यांचं लिव्हर हळूहळू कडक होत चाललंय आणि ज्यांना बाराच आठवड्यांच्या गोळ्यांनी बरं करता आलं असतं.

माझी पद्धत ठरलेली आहे. पट्टी पॉझिटिव्ह दिसली की तिथेच, तो माणूस खुर्चीवरून उठायच्या आत व्हायरल लोडचं रक्त घ्यायचं, "उद्या उपाशीपोटी या" वगैरे काही नाही, त्याला उपाशीपोटी यायची गरजच नसते. दोन फोन नंबर घ्यायचे आणि विचारायचं की फोन दुसऱ्या कोणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू. या प्रश्नाने माणूस जेवढा सैल होतो तेवढा कुठल्याच पोस्टरने होत नाही. हे करायची तयारी नसेल तर शिबिर भरवू नका, कमी लोकांची टेस्ट करा पण शेवटपर्यंत सोबत रहा.

आणि गोळ्या संपल्या म्हणजे काम संपलं नाही. सोफोसबुव्हिर-डॅक्लाटास्विर या सी च्या गोळ्यांचा कोर्स झाल्यावर बारा आठवड्यांनी परत व्हायरल लोड करायचा, तेव्हाच बरा झाला म्हणायचं. बरं वाटतंय म्हणून पेशंट येत नाही आणि आपले लोकही त्याला बोलवत नाहीत. बरा झालेल्याला परत लागण होऊ शकते हे पण सांगा, सी ची लस नाहीये.

बाळाचा पहिला डोस "सोमवारी देऊ"

हिपॅटायटिस बी ची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत द्यायची असते. नंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीतून मिळतेच की, मग एवढी घाई कशाला, असं मला चांगल्या शिकलेल्या लोकांनी विचारलंय. घाई यासाठी की जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या दहातल्या नऊ बाळांमध्ये हा आजार कायमचा राहतो, मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पाचांच्या आतच. सहा आठवडे थांबलात तर ज्या बाळाला वाचवायचं होतं त्याच्यासाठी उशीर झालेला असतो.

शनिवारी रात्री डिलिव्हरी झाली की लस हमखास राहते, कारण "एका बाळासाठी दहा डोसची बाटली फोडायची का". अहो, फोडा! ओपन व्हायल पॉलिसीत (उघडलेली बाटली परत वापरायचा सरकारी नियम) हिपॅटायटिस बी ची उघडलेली बाटली नीट थंड ठेवली, व्हीव्हीएम (बाटलीवरची उष्णता दाखवणारी खूण) चांगला असला, तारीख टाकली तर २८ दिवस चालते. बाटली वाचवण्यासाठी बाळ वगळायचं हा हिशोब मला आजपर्यंत कळलेला नाही. फक्त ती बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेली लस निकामी होते. लेबर रूमच्या सिस्टरला मी एवढंच सांगते की बाळाचं वजन लिहिताय त्याच ओळीत लसीची वेळ लिहा, तारीख नाही, वेळ. रकाना रिकामा दिसला की हात आपोआप फ्रिजकडे जातो.

आई एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची टेस्ट) पॉझिटिव्ह असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) पण, शक्यतो बारा तासांत. म्हणजे ते आधीच आणून ठेवायला हवं, कळा सुरू झाल्यावर धावपळ करून मिळत नाही. आणि तिच्या नवऱ्याची, मोठ्या मुलांची टेस्ट झाली का हे कोणीच विचारत नाही, तुम्ही विचारा.

कावीळ उतरवणं

गळ्यात माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवतात. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून होतात आणि बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरं वाटतं, त्याचं श्रेय माळेला जातं. बी किंवा सी असेल तर डोळ्यांचा पिवळेपणा जाईल पण आजार आत राहू शकतो. लोकांच्या श्रद्धेवरून भांडत बसू नका, माळ राहू दे म्हणा पण रक्त आजच द्या. गरोदर बाई असेल तर मात्र अजिबात थांबायचं नाही, शेवटच्या तीन महिन्यांत ई जीवावर बेततो.

आता बाकीच्या पटापट.

शिबिरातली एचआयव्हीची एक पट्टी म्हणजे निदान नाही, आपल्याकडे तीन वेगवेगळ्या किटवर पॉझिटिव्ह आल्यावरच निदान सांगतात. आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात) पाठवा, नुसतं पाठवू नका, सोबत जा.

परवाच्या जोखमीसाठी (असुरक्षित संबंध, सुई टोचणं) आजची निगेटिव्ह चिठ्ठी देऊन मोकळं होऊ नका. तीन महिन्यांनी परत बोलवा. जोखीम ७२ तासांच्या आतली असेल तर आधी पेपचं (लागण टाळायच्या औषधांचं) बघा, ती औषधं २८ दिवस घ्यायची असतात आणि जेवढी लवकर सुरू होतील तेवढं चांगलं.

व्हायरल लोड दिसेनासा झाला म्हणून एआरटी (एचआयव्हीची रोजची औषधं) बंद करणारे दरवर्षी येतात. तो दिसत नाहीये तो गोळीमुळेच! आणि ज्यांना हिपॅटायटिस बी पण आहे त्यांच्यात टीएलडी या एचआयव्हीच्या गोळीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन बी ला पण दाबून धरतात, गोळी अचानक सोडली तर लिव्हरला एकदम जोरात सूज येऊ शकते. म्हणून एआरटीच्या प्रत्येक पेशंटचं एचबीएसएजी माहीत पाहिजे, आणि सी चं औषध सुरू करण्याआधी पण.

हिपॅटायटिस बी मध्ये "तुम्हाला सध्या औषध लागत नाही" याचा अर्थ पेशंट "मला काही नाही" असा घेतो. पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून द्या.

कोणाचाही एचआयव्हीचा रिपोर्ट ग्रुपवर टाकणं, नातेवाईकाला सांगणं, मालकाला कळवणं, त्याच्या संमतीशिवाय यातल्या कशालाही २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंदी आहे. हिपॅटायटिसलाही तोच नियम लावा, कायदा विचारत बसू नका. फोनवर बोलायला पेशंट घाबरत असेल तर एचआयव्ही हेल्पलाइनचा १०९७ नंबर द्या, तिथे नाव न सांगता विचारता येतं.

शेवटी आपल्या स्टाफचं. सुईला परत टोपण लावायची सवय सोडा. रोज रक्त हाताळणाऱ्या कितीतरी जणांचे बी च्या लसीचे तीन डोस पूर्ण नाहीत, दुसऱ्यानंतर विसरलेले असतात. तिसरा डोस झाला की एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीची पातळी) करून घ्या, १० किंवा त्याच्या वर आला तर रिपोर्ट जपून ठेवा, कमी आला तर परत तीन डोस, आणि लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी ग्लोव्हज देताना त्याचं लसीचं कार्ड मागा.