निवेदकावर भरवसा नसलेली विनोदी जादुई खूनकथा कशी वाचावी

अशा कादंबरीत धागेदोरे लपतात ते विनोदाच्या आडोशाला. हसून झालं की आपण पुढच्या ओळीवर जातो, आणि लेखकाला नेमकं तेच हवं असतं. म्हणून हसू आलं की ते वाक्य पुन्हा वाचा, या वेळी गंमत वगळून. समजा, निवेदक म्हणतो, "चेटकिणीचं मांजर रात्रभर दारातून हललं नाही. माझ्याकडे तर असं बघत होतं, जसं काही मी त्याचं भाडं थकवलंय." भाडं बाजूला काढा. उरतं ते असं: त्या दारातून रात्री कोणी गेलं नाही, किंवा जो गेला तो मांजराच्या ओळखीचा होता. आणि निवेदक मध्ये झोपला असेल, तर 'रात्रभर' हे त्याला कळलं कसं?

निवेदकाची खोट पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच हेरून ठेवा, कारण प्रत्येक खोटेची दिशा वेगळी असते. बढाईखोर स्वतःचा पराक्रम फुगवतो. पण तिथे कोण कोण हजर होतं ते सहसा बरोबर सांगतो, त्याला प्रेक्षक हवे असतात ना! प्रेमात पडलेला एकाच माणसाबद्दल आंधळा असतो, बाकीच्यांबद्दल त्याची साक्ष चालते. विसरभोळ्याच्या घटना खऱ्या, क्रम मात्र उलटसुलट. सराईत खोटारडा सगळ्यांत अवघड: त्याने एकच प्रसंग दोनदा सांगितला की दोन्ही वर्णनं शेजारी ठेवून फरक शोधायचा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे त्याचं सगळंच खोटं धरणं. मग कोडं सुटायला काही आधारच उरत नाही.

जवळ वही ठेवा. एका पानावर तीन रकाने पुरेत: निवेदकाने पाहिलं, ऐकलं, त्याला वाटलं. तिसरा रकाना भराभर भरत गेला तर दचकू नका, या प्रकारात तसंच होतं. दुसऱ्या पानावर जादूचे नियम: ती कोणाला येते, तिची किंमत काय आणि तिने काय होऊच शकत नाही. यातलं शेवटचं सर्वांत मोलाचं, कारण संशयित त्यानेच गळतात. हे नियमही बऱ्याचदा कुरकुरीच्या रूपात येतात. "भुताला झाडलोटीला ठेवू नये, उंबरा ओलांडता येत नाही म्हणून अंगण तसंच राहतं," असं कोणी करवादलं की लगेच टिपून घ्या.

इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांत अलौकिक शक्तींना मज्जाव होता आणि गुप्तहेराच्या मठ्ठ सोबत्याने मनातलं काहीही वाचकापासून लपवू नये, अशी अट होती. हा प्रकार दोन्हीला हरताळ फासतो. तरी धागे वाचकासमोर ठेवण्याचं बंधन सुटत नाही. खून उलगडणारा मंत्र शेवटच्या प्रकरणातच पहिल्यांदा कानावर आला, तर चूक तुमची नाही, लेखकाने फसवलंय.

तळटीपा असतील तर वगळू नका; मजकुरात दडवलेलं निवेदक तिथे बोलून जातो. ऑडिओबुक दुसऱ्या खेपेला ठीक, पहिल्यांदा मागे जाऊन ओळ शोधताना जीव जातो.

साधारण तीन-चतुर्थांश पुस्तक झालं, म्हणजे ३२० पानांत २४०च्या आसपास, की थांबा. उलगड्यासाठी सगळ्या संशयितांना एका दालनात बोलावलं जातं, त्याच्या आधी हे करायचं. खुनी कोण, कसा, आणि निवेदकाच्या कोणत्या खोटेमुळे तो झाकला गेला, हे तिन्ही लिहा. नुसतं नाव म्हणजे मटका.

उलगडा झाल्यावर पहिलं प्रकरण लगेच पुन्हा वाचा आणि खुनी जिथे पहिल्यांदा बोलतो तिथे रेंगाळा. सगळं पुस्तक पुन्हा वाचायचं का, ते विनोद दुसऱ्यांदाही हसवतात का यावर ठरवा.