ओसोलिन्स्कीची मिरवणूक कशी पाहावी

मी शाळेत चित्रकला शिकवतो. घोडा काढताना पोरं हमखास पायांपाशी अडतात, म्हणून स्तेफानो देल्ला बेल्लाची सहा कोरीव चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवतो. पोलंडचा वकील, म्हणजे राजदूत, येझी ओसोलिन्स्की 27 नोव्हेंबर 1633 रोजी रोममध्ये शिरला, तेव्हाची ही मिरवणूक. चित्रकार तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा.

सहाही चित्रं ओळीनं लावा आणि वकीलसाहेबांना लगेच शोधू नका. ते बरेच मागे आहेत, त्यांच्याआधी सगळा लवाजमा जायचा आहे. आधी उंट बघा. रोमच्या रस्त्यावर उंट? सामान घोडागाडीतूनही आलं असतं, पण मग वळून कोण बघणार! त्यानंतर माणसांचे पोशाख बघा: लांब अंगरखे, फरच्या टोप्या, वाकड्या तलवारी. इटालियन गर्दीला हे थेट पूर्वेकडचं वाटावं, असाच सगळा बेत.

आता घोड्यांचे खूर मोठे करा. सांगतात, नाल सोन्याचे होते आणि मुद्दाम सैल ठोकले होते, म्हणजे वाटेत गळावेत आणि लोकांनी त्यावर झडप घालावी. काळ्या शाईत सोनं शोधत बसू नका. त्यापेक्षा उचललेल्या पायाचा वाक बघा. दोन-तीन रेघांत वजन मागच्या पायांवर गेलेलं कळतं. माझ्या मते सगळ्या मिरवणुकीत हीच जागा पाहण्यासारखी.

एवढा खर्च कशासाठी? 1632 मध्ये व्वादिस्वाव चौथा हा पोलंडचा राजा म्हणून निवडून आला होता. त्याच्या वतीनं पोप अर्बन आठवा याच्यापुढे निष्ठा व्यक्त करायची होती, आणि आपलं राज्य किती तालेवार आहे हेही रोमच्या डोळ्यांत भरवायचं होतं.

चित्रकार बेल्लोत्तोनं याच मिरवणुकीचं काढलेलं रंगीत तैलचित्र शेवटी बघा. ते 1779 चं, म्हणजे 146 वर्षांनंतरचं. देखणं आहे, पण पुरावा म्हणून देल्ला बेल्लाच धरा.

आणि मिरवणुकीनंतरचं वाचल्याशिवाय थांबू नका. पोपनं ओसोलिन्स्कीला ड्यूक केलं, पुढच्या वर्षी पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटानं प्रिन्स. मायदेशी मात्र उमराव खवळले. त्यांच्या लेखी सगळे उमराव सारखे. 1638 च्या संसदेनं असल्या परक्या किताबांवर बंदीच घातली. 1643 मध्ये तरीही तोच राज्याचा महाचान्सलर, म्हणजे राजाच्या सर्वांत वरच्या मंत्र्यांपैकी एक झाला. किताबावाचून त्याचं काही अडलं नाही.